कान आणि कानस

"कानस पुढे लोटताना श्वास सोड, मागे आणताना हात उचल. परतीच्या वाटेवर घासायचं नाही, पोरी. त्यानं कानसही बोथट होते आणि माणूसही."

आत्याला जाऊन चार वर्षं झाली होती, पण तिचा आवाज काही कारखान्यातल्या त्या खोलीतून गेला नव्हता. रोज सकाळी एप्रन बांधला की डोळे मिटून दोन क्षण उभं राहायचं, असा आत्याच्या या भाचीचा नेम होता. देवाजवळ काही मागायला नव्हे, नुसतं 'आलेय' म्हणून सांगायला. डोळे उघडले की पहिला आवाज आत्याचा. मग ती व्हाइसच्या जबड्यात पितळेचा तुकडा आवळायची आणि दिवस सुरू व्हायचा.

कारखाना छोटासाच. इलेक्ट्रिक गिटार बनायच्या तिथे. गिटारच्या पोटावर जो ब्रिज असतो, त्यावर प्रत्येक तारेसाठी एक, बोटाच्या पेराएवढं सॅडल बसवतात. तार त्यावर टेकते आणि तिथून पुढे थरथरते. ही पितळेची सॅडलं हातानं घासून घडवायची, हे आधी आत्याचं काम होतं, आता तिचं. कारखान्यात सगळे तिला कानसवालीच म्हणायचे. वय चौतिशीचं, पण अलीकडे घराच्या जिन्यात चौथ्या पायरीवर ती दम खायला थांबायची. आठ महिन्यांपूर्वी आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून आईला उठवणं, बसवणं, कूस बदलून देणं... कारखान्यात ती कामाला यायची की विसाव्याला, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

त्या सोमवारी ती अशीच खाली मान घालून घासत होती, तर दारात कुणीतरी घसा खाकरला.

"माफ करा हं... मी सोनाराकडे आलोय का?"

तिनं वर पाहिलं. कोपरापर्यंत तिच्या हातांवर पितळेचा भुगा चिकटलेला, खिडकीतल्या उन्हात नुसता चमचमत होता. दारातल्या माणसाच्या खांद्याला चामड्याची जुनी पिशवी होती, आणि चष्मा एका बाजूनं जरासा कललेला.

"सोनार असते तर एवढा भुगा जमिनीवर सांडू दिला असता का?"

"मग चुकलो. मला इथे ऐकायला बोलावलंय."

"काय ऐकायला?"

"तेच तर कुणी सांगत नाहीये!"

सांगायला मालकीणबाईच आल्या. कारखान्यात त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. घाईच्या बाई, वाक्य पुरं व्हायच्या आत निम्म्या जिन्यावर पोचलेल्या असायच्या.

"हे पियानो सुरात लावतात. शहरातल्या मोठ्या सभागृहाचा पियानो यांच्याच हाताखाली असतो. यांच्या कानाला तोड नाही म्हणे. आणि ही आमची कानसवाली."

"वा," तो म्हणाला, "मी कानवाला, तुम्ही कानसवाली. तुमच्याकडे माझ्यापेक्षा एक अक्षर जास्त आहे."

ती हसली नाही. म्हणजे, ओठ हलले; पण बाई पुढे जे बोलल्या त्यानं ते जागच्या जागी थिजले.

हातानं घासलेलं पितळ फार वेळ खातं, असं बाईंचं म्हणणं होतं. जस्ताची ओतीव सॅडलं बाहेरून तयार मिळत होती. पण गिऱ्हाइकांना पितळेचा स्वर हवा असतो म्हणे. तेव्हा एकदाच काय तो सोक्षमोक्ष लावायचा. पितळ, पोलाद, ॲल्युमिनियम, टायटॅनियम, ग्रॅफाइट आणि जस्त, असे सहा संच, एकच गिटार, दर संचाला नव्या तारा. रोज एक संच, दोन आठवडे. कानसवाली संच बसवणार आणि तारा छेडणार. कानवाले पडद्यामागे बसून दहापैकी गुण देणार. पितळ स्पष्ट वरचढ ठरलं तर कानसवालीचं टेबल राहील. नाही ठरलं तर...

बाई जिन्यावर पोचल्या होत्या. ते 'नाहीतर' तिथेच खोलीत राहिलं.

सगळे सारखे दिसावेत म्हणून काळा मुलामा चढवून आणलेले संच तिनंच बटर पेपरच्या पुड्यांत भरले. ग्रॅफाइट मुळातच काळं. बाकी पाचही आता तितकीच काळी. पितळ, पोलाद आणि जस्त तर हातातही जवळजवळ सारखीच भरायची. तिनं पुड्यांवर शाईनं आकडे घातले. पितळेला तीन, जस्ताला सहा. कुठल्या पुडीत काय आहे हे छेडणाऱ्यालाही कळता कामा नये, हे बाईंच्या घाईत राहून गेलं. आणि तिच्या दमलेल्या डोक्यात ते आलंच नाही.

खोलीच्या मधोमध जाड राखाडी पडदा टांगला. अलीकडे ती, गिटार आणि ॲम्प. पलीकडे एक खुर्ची, कागद, आणि त्याची पेन्सिल.

"सहा तारा एकेक करून, मग सगळ्या एकदम. असं तीस वेळा," तिनं सांगितलं. "मला वाजवता येत नाही हं. नुसतं छेडते."

"उत्तम. वाजवणारे लोक फार बोलतात." पेन्सिलीचं टोक कागदावर आपटलं. "एक विचारू? साध्या तंतुवाद्यात आपण ज्याला घोडी म्हणतो, तोच हा तुमचा ब्रिज ना?"

"हो."

"आणि त्यावर सॅडल. म्हणजे घोडीवर खोगीर. आणि त्यासाठी सहा प्रकारांची ही एवढी मोठी —"

"खोगीरभरती म्हणालात तर पडद्यावरून कानस फेकीन."

पलीकडे हसू फुटलं. मोकळं, दाबायला गेलं तरी न दबणारं. तिच्या लक्षात आलं, आठ महिन्यांत आपण कुणाला हसवलं नव्हतं.

तो गुण द्यायचाच, पण प्रत्येक स्वराबद्दल काहीतरी बोलायचाही. पोलादाच्या दिवशी म्हणाला, "हा स्वर इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखा आहे. छान दिसतो, पण यात बसवत नाही." ॲल्युमिनियम पटकन हसतो नि पटकन विसरतो. टायटॅनियम फार शिकलेला. ग्रॅफाइट... "हा काय बोलला ते मला निम्मं कळलं नाही. तुम्हाला?"

"मला मेलीला काय कळतंय. मला नुसती तार दिसते."

"आणि मला ती दिसत नाही. चला, दोघांचं मिळून एक काम होतंय."

पितळेच्या दिवशी तो काहीच बोलला नाही. तिसाव्यांदा सहाही तारा एकदम छेडून तिनं हात बाजूला घेतला. स्वर विरत गेला... विरत गेला...

"परत एकदा," तो हळूच म्हणाला.

"तीस झाले."

"माहीत आहे. माझ्यासाठी एकदा."

तिनं छेडलं. बऱ्याच वेळानं पलीकडून आवाज आला, "हा निघून गेल्यावरही जरा वेळ दाराशी थांबतो." आणि पेन्सिलीनं कागदावर नऊ लिहिले.

तिला एवढं हलकं वाटलं की संध्याकाळी ती जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबायचंही विसरली.

जस्ताला त्यानं चार दिले. "हा दिवसभर कुठेतरी उभा होता बिचारा. याला खुर्ची द्या कुणीतरी," म्हणाला.

दुसऱ्या आठवड्याची सुरुवातच वाईट झाली. आईला ताप भरला होता. सोमवारी खोलीत शिरताना तिचा धक्का लागून पुड्यांचा ट्रे कलंडला, दोन पुड्या खाली पडल्या. तिनं त्या उचलून परत शेजारी शेजारी ठेवल्या आणि आकडे पाहून कामाला लागली.

पडद्यामागून तो म्हणाला, "झोप झाली नाही ना तुझी?" मग खुर्ची करकरली. "म्हणजे... तुमची. माफ करा."

"कशावरून?"

"चौथी तार. रोज ती तुम्ही जरा उशिरा सोडता, मनात नसल्यासारखी. आज सगळ्याच तशा सुटतायत."

आठ महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. शेजारच्या काकू विचारायच्या ते आईबद्दल, बाई विचारायच्या ते कामाबद्दल. आणि हा माणूस पडद्यामागे बसून, तिचं तोंडही न पाहता... तिनं गिटारवर मान खाली घातली. पडदा होता म्हणून बरं.

"आई आजारी आहे," ती म्हणाली. एवढंच. मग अजून थोडं. मग तो ऐकतोय हे त्याच्या न बोलण्यावरून कळलं, म्हणून बाकीचंही. त्या दिवशीचे तीस फेरे पुरे व्हायला दुपार झाली.

मधल्या सुट्टीत दोघं आता कारखान्याच्या मागच्या ओट्यावर बसायची. तो डब्यातलं अर्धं तिच्याकडे सरकवायचा, ती नको म्हणायची, आणि तो म्हणायचा, "नको काय? या कानवाल्याला भूकच लागत नाही, आणि डबा भरणारी बहीण ऐकत नाही." तिला पियानोबद्दल विचारायचं असायचं, पण बोलता बोलता डोळे जड व्हायचे. एकदा तर तिची मान भिंतीला टेकली आणि जाग आली तेव्हा त्याची सावली तिच्या तोंडावर होती. ऊन लागू नये म्हणून तो मध्ये उभा होता. किती वेळ, ते त्यानं सांगितलं नाही.

शनिवारी शेवटचा संच. तीन नंबर. तिनं तो मुद्दाम शेवटी ठेवला होता. पितळेचा शेवट गोड व्हावा म्हणून. आणि झालाच. तो पुन्हा तसाच गप्प झाला, पुन्हा म्हणाला "परत एकदा", आणि पेन्सिलीनं पुन्हा नऊ लिहिले.

बाईंनी कागद हातात घेतला तेव्हा त्या चक्क उभ्या राहिल्या. "तीन नंबरला नऊ आणि नऊ! सहाला चार आणि चार! काय कान आहे हो! अगं, तुझं टेबल राहिलं." आणि जिन्यावरून वर गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाजसुद्धा खुशीत होता.

तो पडद्यापलीकडे सामान आवरत होता. तिनं तारा सैल केल्या, सॅडल सोडवलं, पुसायला उलटं केलं...

आणि हात तिथेच थांबला.

सॅडलच्या पोटावर केसाएवढी बारीक शीर होती. ओतकामाची शीर. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात, तिथे उमटते ती. कानशीनं घासलेल्या पितळेला अशी शीर असूच शकत नाही.

तिनं पुडी उचलली. तीन. पालथी केली. शाई बटर पेपरातून आरपार उमटली होती... सहा.

दोन पुड्या खाली पडल्या होत्या. उचलून ठेवताना पालथ्या ठेवल्या गेल्या. मागून पाहिलं की तीनचा सहा होतो आणि सहाचा तीन. या आठवड्यात पितळ समजून तिनं छेडलं ते जस्त होतं. आणि बुधवारी जस्त समजून, नाराजीनं, कधी एकदा संपतंय असं म्हणत छेडलं, ते...

ते तिचं स्वतःचं होतं. सहाच्या सहा. तिनं घासलेलं, तिच्या बोटांतून गेलेलं. आणि तिनं ते ओळखलं नव्हतं.

ती खाली जमिनीवरच बसली.

"काय झालं?" पडदा सरकला. तो आला, तिच्यासमोर उकिडवा बसला. तिनं पुडी त्याच्यापुढे धरली, एकदा सुलट, एकदा उलट. समजायला त्याला फार वेळ लागला नाही. चेहरा मात्र हळूहळू उतरत गेला.

"म्हणजे मी जस्ताला नऊ दिले."

"हो."

"आणि पितळेला चार." त्यानं चष्मा काढला. चष्म्याशिवाय तोही फार दमलेला दिसत होता. "हे कुणाला माहीत आहे?"

"तुम्हाला आणि मला."

"मग मला तरी का सांगितलंत? पुडी चुरगळून टाकली असतीत तर तुमचं टेबल राहिलं असतं."

"तुमच्या सहीच्या कागदावर खोटं गेलं असतं." तिचा आवाज मुळातच हळू, आता तर कानही पुढे करावा लागला असता, पण त्याला लागला नाही. "टेबल गेलं तर रडेन चार दिवस. पण हे खोटं राहिलं, तर मला उद्यापासून सकाळी डोळे मिटून उभं राहता येणार नाही."

त्यानं पुडी तिच्या हातातून घेऊन पुन्हा एकदा पालथी केली.

"मला धातू ऐकूच आला नाही," तो म्हणाला. "मला वाटत होतं मी धातूला गुण देतोय. पण पितळ आहे असं तुम्हाला वाटायचं त्या दिवशी, तार सोडली की तुमचा श्वास थांबायचा. पडद्यातून कळायचं ते. मी त्यालाच नऊ दिले. दोन्ही वेळा." तो कसनुसा हसला. "एवढा मोठा कान म्हणे. आणि दोन आठवडे तो नुसता तुमच्याकडेच लागलेला."

तार सोडलेली नव्हती, तरी तिचा श्वास थांबला होता.

"तीन आणि सहा," तिनं उगाचच पुड्यांकडे पाहिलं. "आकडेही कसले निवडले मी. छत्तीसचा आकडा."

"हो, पण जागच्या जागी पालथे पडले ना? मग त्रेसष्ट झाले." आणि ते त्याच्या तोंडून निघून गेल्यावर तोच कानापर्यंत लाल झाला.

दोघं मिळूनच वर गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पहिल्यांदाच वाक्य पुरं होईपर्यंत थांबून.

"म्हणजे फरक नाहीच?"

"असेलही," तो म्हणाला. "माझ्या कानाला तो सापडला नाही. माझ्या गुणांवर काही ठरवू नका."

"ठरवायला तर हवंच." बाईंनी कागद दुमडला. "जस्त घेते मी. तू महिनाअखेर टेबल आवर. मग जुळणीला ये, तिथे स्क्रू आवळायला माणूस लागतोच आहे." मग जरा थांबून, "खरं बोललीस म्हणून ओरडत नाही. पण मला आनंद झालेला नाही, सांगून ठेवते."

"मलाही नाही, बाई," ती म्हणाली.

फाटकाशी दोघं थांबली. ऊन उतरलं होतं, रस्त्यावर कुणीतरी दुकानाच्या दाराचा पत्रा खाली ओढत होतं. तिला वाटलं होतं रडू येईल. पण रडायलाही अंगात जोर लागतो.

"माझ्यामुळे झालं," तो म्हणाला.

"तुमच्यामुळे? पुड्या मी पालथ्या ठेवल्या."

"ऐकायला बसलो होतो मी."

"ऐकलंत की." तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट, मध्ये पडदा नसताना पाहिलं. "दुसरं कुणी ऐकलं नसतं ते ऐकलंत."

तो चुळबुळला. पिशवीचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

"उद्या सकाळी मी सभागृहात पियानो लावतोय. रविवारी तिथे कुणी नसतं. एकच स्वर पुन्हा पुन्हा... फार कंटाळवाणं असतं. लोकांना झोप येते." तो थांबला. "तू ये."

या वेळी त्यानं 'तुम्ही' करून घेतलं नाही.

"मला त्यातलं काय कळतंय?"

"कळायचं नाहीये. छेडायचं नाही, काही बसवायचं नाही. मागच्या रांगेत मऊ खुर्च्या आहेत. तू नुसतं बसायचं. डोळा लागला तर लागू द्यायचा. मी हळू लावीन."

"म्हणजे तुम्ही मला झोपायचं आमंत्रण देताय?"

"माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काही नाहीये गं. कान आहे, तो तर तुझ्याकडेच गेलाय. तुला नीट विसावलेली पाहायचंय एकदा... आणि मग रोज, तुला चालणार असेल तर. पण ते नंतर. आधी उद्याचं सांग. शब्द दे."

"मी शब्द फारसा देत नाही," ती म्हणाली. "दिला की पाळावा लागतो."

"म्हणूनच मागतोय."

समोरच्या दुकानाचा पत्रा खाली आला.

"दिला," ती म्हणाली.

रविवारी सकाळी आईला तिनं पुसून घेतलं, उशा नीट लावल्या, औषध दिलं. शेजारच्या काकू विणकाम घेऊन खुर्चीत येऊन बसल्या. आई केव्हाची तिच्याकडे पाहत होती.

"हा काय अवतार? रविवारी केस विंचरलेस?"

"जरा बाहेर जाऊन येते, आई. बारापर्यंत येईन."

"कोण आहे?"

"पियानो लावतात ते."

"धंदा नाही विचारला. माणूस कसा आहे?"

तिनं विचार केला. "ऐकतो."

काकूंच्या सुया वाजत राहिल्या.

"तुझ्या बाबांना बाकी सगळं जमायचं," आई म्हणाली. "तिथे जाऊन करणार काय पण तू?"

"डुलकी काढणार."

"घरात खाट मोडलीय का?"

"आई..."

"जा बाई, जा." आईनं उशीवर मान वळवली, हसू दिसू नये म्हणून. "घोरू नकोस म्हणजे मिळवली. त्याला काम आहे."

तिनं चपला हातात घेतल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि जिना उतरू लागली.